सतरंजीखालची लेकरं

पहिल्या दिवशी ती रडली नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

अंगणवाडीत मला सोळा वर्षं होत आली. आईचा हात सुटला आणि लेकरू रडलं नाही, असं त्याआधी मी पाहिलं नव्हतं. कोणी तीन दिवस रडतं, कोणी महिनाभर. एक पोरगा तर खिडकीचे गज धरून इतका ओरडायचा की रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, बाई, काय झालं? ही मात्र आईच्या कडेवरून उतरली, दारात उभी राहिली आणि खोली बघू लागली. पुढचं दार, खिडकी, मागची स्वयंपाकाची छोटी खोली, तिथलं मागचं दार. सगळं बघून झाल्यावर ती धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे गेली आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

"किती शहाणं लेकरू आहे," मी म्हणाले.

आमच्या मदतनीस मावशी खिचडी ढवळत होत्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, पाच नातवंडांच्या आजी. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"शहाणं नाही बाई ते," त्या म्हणाल्या. "रडत नाही ते लेकरू मले नाही आवडत."

मी ते हसण्यावारी नेलं.

दसरा होऊन गेला होता आणि कापसाची वेचणी जोरात होती. पोरगी पावणेतीन वर्षांची. नियमानं तीन पूर्ण लागतात, पण तिची आई हात जोडून म्हणाली, "घरी कोणाजवळ ठेवू बाई? वावरात नेलं तर उन्हात बसून राह्यते." मी नाही म्हणू शकले नाही. वेचणीला जाणाऱ्या सगळ्याच बायका साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात, हात ओरबाडू नयेत म्हणून. तिनंही घातला होता. म्हणून त्या बाह्यांच्या आत काय असेल, असा विचार माझ्या मनात आला नाही.

तिच्या नवऱ्याला मी ओळखत होते. नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामापुरता कामाला जायचा, कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी. बोलायला मऊ. अंगणवाडीचा गळका नळ त्यानंच एकदा बसवून दिला होता आणि पैसे विचारले तर कानाला हात लावला होता. गावात कोणाला विचारलं असतं तर म्हणाले असते, माणूस चांगला आहे.

आमची खोली रस्त्याला लागूनच आहे. वडनेरहून नांदुऱ्याकडे जाणारं सगळं आमच्या खिडकीसमोरून जातं. दहा वाजता लेकरं येतात. चपला दाराबाहेर एका ओळीत काढायच्या, ही पहिली शिकवण. मग हात धुणं, प्रार्थना, बडबडगीत, ठोकळे, रंग, खिचडी. भिंतीला मी बाहुलीघर केलं होतं. जुन्या साड्यांच्या चिंध्या भरून सात बाहुल्या शिवल्या होत्या, नारळाच्या करवंटीची भांडी, खोक्याचा पलंग. या वयाची लेकरं शिकवून शिकत नाहीत, बघून शिकतात. मी खडू डाव्या हातानं धरते तर त्या वर्षीच्या निम्म्या लेकरांनी डाव्या हातानं धरायला सुरुवात केली होती.

ती भराभर शिकली. आठवड्यात रंग ओळखायला लागली, दोन आठवड्यांत ठोकळ्यांचा मनोरा कमरेइतका उंच करायला लागली. बोलायची मात्र फार कमी, आणि तेही इतकं हळू की मला वाकावं लागायचं.

एक दिवस सगळी बाहुलीघराजवळ खेळत होती. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, फुटक्या सायलेन्सरची. ती उठली, एक बाहुली उचलली, सतरंजीची कड वर केली आणि बाहुलीसकट आत शिरली. मी कड उचलून पाहिलं. ती पोटावर पडली होती आणि बाहुलीच्या तोंडावर तिनं हाताचा तळवा घट्ट दाबून धरला होता.

"लपाछपी खेळून राह्यली का गं?" मी विचारलं.

आवाज दूर गेल्यावर ती बाहेर आली, बाहुली पलंगावर नीट झोपवली आणि पुन्हा करवंट्या मांडायला लागली.

इतर लेकरांना ते फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तिघं आत शिरली. आठवडा संपेपर्यंत गाडीचा आवाज आला की चौदा-पंधरा लेकरं, हातात मिळेल ती वस्तू घेऊन, सतरंजीखाली. खोली रिकामी आणि जमिनीवर नुसते उंचवटे. मला हसू यायचं. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. नंतर मी त्याचं गाणंच केलं, 'आवाज आला, कान करा; गाडी आली, लपा जरा'. बकरीचा आवाज आला की टाळ्या, रेल्वेची शिट्टी आली की आगगाडी, मोटारसायकल आली की लपायचं. महिन्याच्या भेटीला आलेल्या पर्यवेक्षिका मॅडमना मी ते करून दाखवलं. त्या खूश झाल्या. श्रवणकौशल्याचा छान उपक्रम आहे, इतरांनाही सांगते, म्हणाल्या.

हे सगळं मी माझ्या हातानं केलं. सांगताना ते वगळावंसं वाटतं, पण वगळत नाही.

मग त्या खेळात नियम यायला लागले, आणि ते मी घातलेले नव्हते. आत गेल्यावर हसायचं नाही. रडायचं तर नाहीच. स्वतःच्या तोंडावर हात ठेवायचा. एक दिवस एक पोरगा सतरंजीखालून बाहेर आला तो लालभडक झालेला, डोळ्यांत पाणी. मी घाबरून त्याला उचललं.

"काय झालं रे?"

"श्वास नाही घ्यायचा," तो धापा टाकत म्हणाला. "ऐकू जाते."

"कोणी सांगतलं तुले?"

त्यानं तिच्याकडे बोट केलं.

त्याच आठवड्यात त्या पोराची आई दारात येऊन उभी राहिली. बाई भांडकुदळ नव्हती, पण तिचा आवाज चढलेला होता. "बाई, काय शिकवून राह्यल्या तुमी? याच्या बापाची गाडी आली का हा पलंगाखाली जाऊन बसते. बाप आवाज देते तं निघत नाही. बापाले कसं वाटत असंन?"

मी म्हणाले, खेळ आहे, जाईल. पण त्या दिवसापासून मला खोलीतली ती शांतता नकोशी वाटू लागली. पंधरा लेकरं एका खोलीत आहेत आणि एकही हूं की चूं करत नाही, असं कधी होत नसतं. झोपेतसुद्धा लेकरं आवाज करतात. मी फळ्याजवळ उभी असायची, समोर ते उंचवटे, आणि त्यातला एखादा हलायची वाट बघायची.

मी तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. एका सकाळी ट्रॅक्टर गेला; सगळी लपली. ती ठोकळे रचत बसून राहिली. मग एक नवी मोटारसायकल गेली, सगळी लपली. तिनं मानही वर केली नाही. म्हणजे इतके दिवस बाकीची खेळत होती, ती खेळत नव्हतीच. थोड्या वेळानं तिचा हात ठोकळ्यावर थांबला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. ती उठली, बाहुली घेतली, सतरंजीखाली गेली, आणि त्यानंतर कुठे मला लांबून तो फुटक्या सायलेन्सरचा आवाज आला.

दुपारी बाकीची खिचडी खात असताना मी तिच्याजवळ बसले.

"ते गाडी कोणाची हाय गं?"

"पप्पाची."

"मंग लपतं काऊन?"

"मम्मी म्हणते लप."

"अन् बाहुलीच्या तोंडावर हात काऊन ठेवतं?"

तिनं बाहुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे रडते ना," ती म्हणाली. एवढं साधं मला कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

मावशी मागे भांडी घासत होत्या. त्यांचा हात थांबलेला मला ऐकू आला.

संध्याकाळी मी तिच्या आईला थांबवलं. आधी ती म्हणाली, लेकराचं काय ऐकता. मग म्हणाली, तो रागीट आहे थोडा, पण पोरीला बोट लावत नाही. मी तिचा हात धरला तर ती कळवळली. शर्टाची बाही वर केली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत हात निळा-पिवळा होता. नवे वळ आणि जुने वळ एकावर एक.

"बाई, तुमी कुठी लिहू नका," ती म्हणाली. "लिहिलं तं त्याले समजते. मंग पोरीच्या समोर..." तिनं बाही खाली ओढली.

आणि मी लिहिलं नाही. पंधरा दिवस. मावशी म्हणत होत्या, बाई, काहीतरी करा. मी म्हणत होते, तिनं नको म्हटलं आहे. खरं कारण वेगळं होतं. मला त्याची भीती वाटत होती. मी त्याच गावात राहते, त्याच रस्त्यानं एकटी घरी जाते.

नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी ती पोरीला घेऊन लवकर आली. अंगावर शर्ट नव्हता, चांगली साडी होती, खांद्याला पिशवी. चेहऱ्याची एक बाजू सुजलेली.

"आज काई झालं तरी पोरीले कोणाजवळ देऊ नका," ती म्हणाली. "माहा भाऊ येऊन राह्यला. वडनेरच्या फाट्यावर दुपारी येते. मी आधी तठी जातो, मंग मावशीच्या हातून पोरगी मागवून घेतो. मी इथी थांबली तं तो इथीच येईन." तिचं माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं.

अकराच्या सुमारास तो आवाज आला. रोज तो खिडकीसमोरून पुढे निघून जायचा. त्या दिवशी तो हळू झाला आणि दारासमोर बंद पडला.

मी वळून पाहिलं तर खोली रिकामी होती. सोळा लेकरं सतरंज्यांखाली गेली होती. कोणी सांगितलं नव्हतं, मी गाणंही म्हटलं नव्हतं.

तो दारात आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम नाही. त्यानं आत पाहिलं आणि हसला.

"लेकरं कुठी गेली बाई?"

"खेळ आहे त्यांचा," मी म्हणाले.

"बरा हाय खेळ. आमच्या पोरीले घ्यायले आलो होतो. तिची आई घरी नाही दिसून राह्यली."

"ती आज आलीच नाही."

हे बोलून गेले आणि त्याच क्षणी मला चपला आठवल्या. त्याच्या पायांशी दाराबाहेर सोळा जोड ओळीत होते, आणि मधोमध तिच्या गुलाबी चपला, त्यांवर प्लॅस्टिकची पांढरी फुलं. सकाळी मीच त्या सरळ केल्या होत्या. त्याची नजर खाली गेली. ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. गुलाबी चपलांवरून गेली, पुढे सरकली आणि पुन्हा वर आली.

त्याला स्वतःच्या पोरीची चप्पल ओळखता आली नाही.

तो उंबऱ्यात तसाच उभा राहिला. किती वेळ, सांगता येत नाही. तीन वर्षांचं लेकरू काही लपवू शकत नाही. कोणालातरी शिंक येईल, कोणीतरी 'बाई, शू' म्हणेल, नाहीतर तिच्याकडेच बोट दाखवेल. सोळांपैकी एकानंही आवाज केला नाही. फक्त एका उंचवट्याखालून पाण्याची बारीक धार निघून फरशीवर पसरत गेली. तो तिकडे बघत राहिला.

"घाबरून राह्यली की काय लेकरं?" तो मऊ आवाजात म्हणाला.

तेवढ्यात मावशी स्वयंपाकाच्या खोलीतून बाहेर आल्या, हातात फरशी पुसायचं फडकं. त्याच्याकडे न बघताच खाली वाकून पुसायला लागल्या आणि म्हणाल्या, "सर भाऊ थोडा, दारातून उजेड येऊ दे."

तो सरला. पायरी उतरला. पण गाडी सुरू झाली नाही. खिडकीच्या खालच्या गजांतून मला त्याचे बूट दिसत होते, न हलणारे. बऱ्याच वेळानं किक मारल्याचा आवाज आला आणि तो आवाज नांदुऱ्याकडे गेला.

मावशींनी तिला पदराखाली घेतलं आणि मागच्या दारानं, तुरीच्या वावरातून, फाट्याकडे नेलं. चपला दाराबाहेरच राहिल्या. घ्यायला पुढे जायची आमची हिंमत झाली नाही. ती अनवाणी गेली.

मी त्याच दुपारी पर्यवेक्षिका मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं, माझ्या पंधरा दिवसांसकट. मग त्यांनी तालुक्याला कळवलं, आणि पुढे संग्रामपूरकडच्या ठाण्यात तिनं भावासोबत जाऊन तक्रार दिली.

तो दुसऱ्या दिवशी आला. दारातच उभा राहिला. "तुमी खोटं बोलल्या बाई," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानंतर कितीतरी महिने तो खिडकीसमोरून जाताना गाडी हळू करायचा. माझा नवरा मला सोडायला आणि न्यायला यायला लागला. मी रस्ता बदलला नाही, पण कान बदलले. स्वयंपाक करताना, सभेत, लग्नात, कुठेही असले तरी मला तो आवाज सगळ्यांच्या आधी ऐकू यायला लागला.

लेकरांचा खेळ मोडणं फार अवघड गेलं. गाणं मी त्याच दिवशी बंद केलं, सतरंज्या गुंडाळून ठेवल्या, तर ती टेबलाखाली जायला लागली. रागावून उपयोग नव्हता. शेवटी मी नवऱ्याला गाडी अंगणात आणून उभी करायला सांगितली. पहिल्या दिवशी एकही लेकरू तिच्याजवळ गेलं नाही. चौथ्या दिवशी एकानं हॉर्न दाबला. मग मी बादली आणि चिंध्या दिल्या आणि रोज अर्धा तास सगळ्यांनी ती गाडी धुवायची, असं सुरू केलं. होळीपर्यंत बहुतेक सावरली. श्वास धरून लाल झालेला तो पोरगा मात्र पहिलीत जाईपर्यंत गाडीचा आवाज आला की माझा पदर धरायचा.

पुढच्या वर्षी एका लग्नाला संग्रामपूरला गेले होते, तेव्हा बाजारात त्या दोघी भेटल्या. आई जरा भरली होती. एका शाळेत खिचडी शिजवायला जाते म्हणाली. पंचांसमोर आणि मग कोर्टात फारकत झाली होती. पोरगी मोठ्यानं बोलत होती, फुग्यासाठी हट्ट करत होती, भर रस्त्यात बसून रडली. मी तिच्यासमोर वाकले. "वळखलं का मले?" तिनं माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघतात तसं पाहिलं आणि आईच्या मागे गेली. मला वाईट वाटलं नाही. मी तिला फुगा घेऊन दिला.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

यंदा जूनमध्ये एक नवी सून गरोदरपणाची नोंद करायला आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल, लांबच्या तालुक्यातली, हातात अजून हिरवा चुडा. नाव, वय, शेवटची पाळी, रक्तगट, मी एकेक रकाना भरत होते. नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं लाजून सांगितलं. माझं पेन थांबलं. मावशी कोठीजवळ गहू निवडत होत्या, त्यांचंही सूप थांबलं.

"कसं हाय सासर?" मी विचारलं.

"चांगलं हाय ना बाई. लय मऊ बोलतात ते." ती खरंच आनंदात होती. भिंतीवरची चित्रं, बाहुल्या, सगळं कौतुकानं बघत होती. "लेकरू किती वर्षाचं झालं का पाठवाचं इथी?"

"तीन."

"मंग तुमच्याजवळच येईन म्हना."

तिला काय सांगायचं, हे मी त्या क्षणापर्यंत ठरवलेलं नव्हतं. सगळं सांगितलं तर ती घरी जाऊन त्यालाच विचारणार, एवढं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नाही सांगितलं तर ते मागचे पंधरा दिवस पुन्हा. मी उठून दार लोटलं, तिच्यासमोर सतरंजीवर बसले.

"त्याची पहिली बायको काऊन गेली, हे तुले सांगतलं का कोणी?"

"तिले वावरातलं काम होत नव्हतं म्हणे," ती म्हणाली.

"तसं नाही," मी म्हणाले. "दर महिन्याले तुले तपासणीले इथी यावंच लागते. दर वेळी मी थोडं थोडं सांगीन. आज एकच काम कर. माहा नंबर पाठ कर."

"मोबाइलात भरून घेतो ना."

"मोबाइलात नाही. पाठ."

तिला हसू आलं. पण माझ्याकडे बघितल्यावर तिचं हसू कमी झालं. मी एक आकडा म्हणायची, ती माझ्यामागे म्हणायची. सातव्या आकड्याला ती चुकली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.